आरोग्याचं कपाट लावताना

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयात आरोग्य-विज्ञानाचं वेगळं कपाट करायचं ठरलंय आणि हाताशी पाच हजार रुपये आहेत, असं तुझ्या पत्रातून कळलं. तू यादी मागितली आहेस; ती मुद्दामच देत नाही. यादी दोन वर्षांत शिळी होते, पुस्तक पारखायची रीत मात्र टिकते.

दुकानात पुस्तक हातात आलं की आधी प्रकाशनाचं वर्ष छापलेलं पान बघ. आपल्याकडे ‘पाचवी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा नुसतं पाचवं पुनर्मुद्रण असतं, आत अक्षरही बदललेलं नसतं. आवृत्ती खरोखर सुधारलेली असेल तर काय बदललं ते लेखक मनोगतात सांगतो. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं वर्ष शोध. मूळ 1998 चं आणि मराठी 2019 चं, तर माहिती 1998 चीच धरायची.

अर्थात सगळंच ज्ञान एका वेगानं जुनं होत नाही. हाडं, स्नायू, हृदयाचे कप्पे समजावणारं तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक खुशाल ठेव. औषधं आणि उपचारांचं पुस्तक पाच-सात वर्षांहून जुनं असेल तर जपून. निवृत्त डॉक्टर मंडळी जाडजूड ग्रंथ भेट देतात, तेव्हाही हाच चाळणा लाव.

मग आत ठरावीक पानं उघड. प्रथमोपचाराच्या पुस्तकात सर्पदंश काढ. जखमेवर चिरा द्या, रक्त चोखा, वर दोरी करकचून आवळा, असं लिहिलेलं दिसलं तर पुस्तक तिथंच ठेवून दे. चावा बसलेला हात-पाय हलू न देणं, अंगठ्या-बांगड्या काढणं आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लगेच नेणं, हे त्यात हवं. आपल्याकडच्या पुस्तकात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची नावंही हवीतच. दुसरं पान हृदय बंद पडल्यावरच्या मदतीचं. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर पण 6 पेक्षा जास्त नाही, इतकी दाबायची. 2010 पासून आधी छाती दाबणं, मग श्वास, असा क्रम आला. पुस्तकात अजून उलटा क्रम असेल तर ते त्याआधीचं आहे, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो.

पोटाच्या अल्सरचं पानही बोलकं असतं. वॉरन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला, 2005 मध्ये त्यासाठी नोबेलही मिळालं. तरी एखादं पुस्तक अल्सरचं सारं खापर मिरची आणि काळजीवरच फोडत असेल, तर लेखकाचं वाचन कधी थांबलं ते कळतंच.

सर्वात जास्त वेळ मात्र मापांवर घालव, कारण चुका तिथंच होतात. मुलांच्या तापाचं औषध ‘एक चमचा’ असं लिहिणारं पुस्तक नको. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. बाजारात 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, तसं 250 चंही मिळतं. 10 किलोच्या बाळाला 125 च्या सिरपचं 5 मिली बरोबर बसतं, 250 चं तेवढंच दिलं तर मात्रा दुप्पट. बाटली वाचायला शिकवतं ते पुस्तक चांगलं. जुलाबावरच्या पाण्याचंही तसंच: ‘चिमूटभर मीठ, मूठभर साखर’ नको, एक लिटर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, असं नेमकं हवं. पुडीच्या ओआरएसबद्दल लिहिलं असेल तर पुडी एक लिटरची की 200 मिलीची ते बघायला सांगितलंय का, हे तपास. लिटरची पुडी पेल्यात कालवली तर पाणी फार खारट होतं आणि बाळाला अपायच होतो.

परदेशी पुस्तक घेतलंस तर एककं बघ. ब्रिटिश पुस्तकात रक्तातली साखर 7 दिसली तर घाबरायचं नाही, 18 ने गुणायचं. आपल्या रिपोर्टच्या भाषेत ती 126. अमेरिकी पुस्तकात पॅरासिटामॉल शोधून सापडणार नाही, तिथं ते ॲसिटामिनोफेन असतं. मराठी पुस्तकात उलटी अडचण. नुसतं ‘अवटू ग्रंथी’ लिहून लेखक मोकळा होतो आणि वाचकाच्या हातातल्या चिठ्ठीवर थायरॉइड असतं. दोन्ही शब्द देणारं पुस्तक निवड, शेवटी शब्दसूची असेल तर सोन्याहून पिवळं.

‘मधुमेह कायमचा बरा’ अशा शीर्षकांसाठी जागा ठेवू नकोस. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची औषधी जाहिरात 1954 च्या कायद्यानंच बंद आहे. पुस्तकाच्या वेष्टनात तोच दावा गुंडाळला म्हणून खरा होत नाही. ‘धोका निम्म्यानं कमी’ हे वाक्य दिसलं की कितीचा निम्मा ते शोध. हजारात दोनावरून एकावर आला तरी निम्माच म्हणतात.

पाच हजारांतले पैसे शालेय विज्ञानावर घालवू नकोस. एनसीईआरटीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, अकरावी-बारावीचं जीवशास्त्र पाया म्हणून पुरेसं आहे.

कपाटात ठेवताना औषधांच्या प्रत्येक पुस्तकाच्या आत मजकुराचं खरं वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटव आणि दर जानेवारीत ती बघ. बाद झालेलं पुस्तक रद्दीत देताना मात्र बांधणी उसवून दे. नाहीतर ते फूटपाथवरून फिरून कुणीतरी वाचनालयालाच भेट देईल.