वाचकांचे प्रश्न : रेडिओ चिप थेट लिथियम सेलवर चालवावी का?

प्रश्न : शेतातला ओलावा मोजून लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओने पाठवणाऱ्या नोडमध्ये (छोट्या यंत्रात) आरएफएम९५ हे रेडिओ मॉड्यूल आणि ॲटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर एकाच १८६५० लिथियम सेलला थेट जोडले आहेत. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट येतात, तरी गेले काही महिने सगळं चालू आहे. व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर खरंच लागतो का? की एक डायोड पुरेल?

उत्तर : रेग्युलेटर लागतोच. या मॉड्यूलमधली एसएक्स१२७६ चिप १.८ ते ३.७ व्होल्टवर चालवायची असते. चिपच्या माहितीपत्रकात (डेटाशीटमध्ये) ३.९ व्होल्टचा आकडाही आहे, पण ती सहनशक्तीची शेवटची रेघ आहे. तिच्या आत चिप जळू नये एवढीच अपेक्षा, काम नीट होईल याची हमी ३.७ पर्यंतच. तुमचा पुरवठा दोन्ही रेघांच्या पलीकडे आहे. जादा व्होल्टेजमुळे ट्रान्झिस्टरमधला ऑक्साइडचा पातळ थर हळूहळू खराब होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून आज नोड चालतोय, यावरून चिप सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.

डायोडचा उपाय दोन्ही टोकांना फसतो. १एन४१४८ वर ०.७ व्होल्ट पडतात हे काही मिलीअँपिअर प्रवाहाला खरं. नोड स्लीपमध्ये (कमी विजेच्या विश्रांतीत) गेला की प्रवाह मायक्रोअँपिअरवर येतो आणि डायोडवर जेमतेम ०.३ ते ०.४ व्होल्ट पडतात. म्हणजे भरलेल्या सेलवर चिपला ३.८ च्या वर मिळतात, तेही दिवसाचा बहुतेक वेळ. उलट २० डीबीएमला (पूर्ण ताकदीने) पाठवताना चिप सुमारे १२० मिलीअँपिअर ओढते आणि तोच डायोड एक व्होल्टच्या आसपास खातो. सेल ३.६ वर असेल तर हाती उरतात २.६. ॲटमेगाचं ब्राउन-आउट (व्होल्टेज खाली गेलं की रीसेट करणारी सोय) २.७ ला लावलेलं असेल तर प्रत्येक संदेशाला नोड रीसेट होईल.

एमसीपी१७००-३३०२ हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर बसवा. तो स्वतः सुमारे १.६ मायक्रोअँपिअर घेतो आणि २५० मिलीअँपिअर देतो. इनपुट आणि आउटपुटला प्रत्येकी १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या, मॉड्यूलच्या पिनांलगत १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड लावा. बाजारात सहज मिळणारा एएमएस१११७ रेग्युलेटर इथे नको. तो नुसता बसून ५ मिलीअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे दिवसाला १२० मिलीअँपिअर-तास. २४०० चा सेल वीस दिवसांत रिकामा.

मायक्रोकंट्रोलरही त्याच ३.३ व्होल्टवर घ्या आणि ८ मेगाहर्ट्झवर चालवा. तो ४.२ वर ठेवून फक्त रेडिओला ३.३ दिलेत, तर दोन्ही चिपना जोडणाऱ्या एसपीआयच्या पिनांतून संरक्षक डायोडमार्गे प्रवाह रेडिओत घुसेल.

सध्याची चिप तपासायची असेल तर मॉड्यूलच्या पुरवठ्यात मायक्रोअँपिअरचा मीटर घाला. संदेश जाईपर्यंत मीटरची दोन टोकं तारेने जोडून ठेवा, स्लीपमध्ये गेल्यावर तार काढा. निरोगी चिप १ मायक्रोअँपिअरच्या आत असते. पिना योग्य स्थितीत असूनही दहा-वीस दिसले तर मॉड्यूल बदला.

प्रश्न : १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, जोडलेली मॅक्स४८५ ही आरएस-४८५ संपर्काची चिप वारंवार जाते. तिला व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर ५.४ व्होल्ट देतो. हेच कारण का?

उत्तर : तो ५.० वर आणाच, कारण शिफारस ४.७५ ते ५.२५ ची आहे. पण या चिपची कमाल मर्यादा १२ व्होल्ट आहे, ५.४ ने ती मरत नाही. संशय ग्राउंडवर घ्या. बऱ्याच बीएमएसमध्ये प्रवाह तोडणारे मॉसफेट ऋण बाजूला असतात. डिस्चार्ज तोडला की जोडलेला लोड पी-ऋणला (लोडकडच्या ऋण टोकाला) धन टोकाकडे ओढतो, आणि बी-ऋण (बॅटरीचं ऋण टोक) व पी-ऋण यांच्यात जवळजवळ अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज येतं. आरएस-४८५ ची चिप ग्राउंडमधला फरक −७ ते +१२ पर्यंतच सोसते. लोड जोडलेला ठेवून डिस्चार्ज बंद करा आणि त्या दोन टोकांमध्ये मोजा.

५० च्या आसपास आलं तर एडीएम२४८३ सारखी आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी) चिप घ्या आणि तिच्या बसबाजूला, म्हणजे आरएस-४८५ च्या तारांकडच्या बाजूला, बी०५०५एस कन्व्हर्टरने वेगळे ५ व्होल्ट द्या. हा कन्व्हर्टर रेग्युलेटेड नाही, लोड कमी असला की ५ च्या बराच वर चढतो. आउटपुटवर २२० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका आणि चिप बसवण्याआधी तिथलं व्होल्टेज मोजा.