नात जवळच येत नाही हो, आता सहा महिने काढू कसे?

एप्रिल उजाडला की माझ्याकडे समुपदेशनाला एक ठराविक काळजी घेऊन लोक यायला लागतात. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, तिकडे बाळ झालंय, व्हिसा हातात आहे, तिकीट पण काढलंय आणि आता पोटात गोळा येतोय की आपलं तिकडे निभेल का, बाळ ओळखेल का, सुनेशी खटके उडतील का. त्यातलीच ही एक केस, काकूंना विचारून आणि ओळख पटेल ते सगळं बदलून लिहितेय.

काकू नाशिकच्या इंदिरानगरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, काका बँकेतले. मुलगा-सून न्यू जर्सीला. बाळंतपणाला काकूंना जाता आलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून सुनेची आई जाऊन आली आणि हे दोघं गेले ते नात नऊ महिन्यांची झाल्यावर. तोपर्यंत रोज व्हिडिओ कॉल, ती स्क्रीनवर आजीला बघून टाळ्या पिटायची, त्यामुळे काकूंना खात्री की पोरगी धावत येणार. एअरपोर्टवर त्यांनी हात पुढे केले आणि नातीने असा भोंगा लावला की आजूबाजूचे वळून बघायला लागले. पुढचा आठवडाभर तेच. काकू खोलीत आल्या की ही आईच्या मानेत तोंड खुपसणार.

मला फोन आला तेव्हा इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. काकू बाथरूमचं दार लावून बोलत होत्या, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. "मॅडम, मी काय राक्षसीण आहे का हो?"

नाही काकू. सहा ते आठ महिन्यांच्या आसपास बहुतेक बाळं अनोळखी माणसाला बिचकायला लागतात आणि नऊ-दहा महिन्यांना तर ते चांगलंच जोरात असतं. आई-बाबा वेगळे आणि बाकीचे वेगळे हे त्यांना कळायला लागलेलं असतं म्हणून ते रडतात, वाढ नीट चाललीय त्याची ती खूण आहे. स्क्रीनवरची आजी वीतभर होती, तिला वास नव्हता, ती उचलून घेत नव्हती, आता एकदम अख्खी चष्मेवाली बाई अंगावर आली तर पोरगी घाबरणारच. व्हिडिओ कॉल वाया गेले असं मात्र नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स दीड वर्षाच्या आत स्क्रीन नको म्हणते पण त्यातून व्हिडिओ चॅट वगळते, कारण तिथे समोरचं माणूस बाळाला उत्तर देत असतं.

काकूंचा खरा राग नातीवर नव्हताच, काकांवर होता. काका आपले कार्पेटवर पेपर वाचल्यासारखं मोबाइल वाचत बसायचे, नातीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, आणि ती चौथ्या दिवशी रांगत जाऊन त्यांच्या मांडीला धरून उभी राहिली! "आयुष्यात एक लंगोट बदलला नाही ह्या माणसाने, आणि ह्यांच्याकडे जाते," हे काकूंचं वाक्य. मी हसले, पण म्हटलं, काकू, काका जे न कळत करताहेत ते तुम्ही ठरवून करा. हात पुढे करायचे नाहीत, तोंडासमोर तोंड न्यायचं नाही, जमिनीवर बसायचं, म्हणजे गुडघ्यामुळे तुम्ही बुटक्या स्टुलावर, सून जवळ असताना, आणि हाताला काहीतरी काम ठेवायचं.

काकूंनी मेथी निवडायला घेतली. इंडियन स्टोअरमधून मुलाने तीन जुड्या आणल्या होत्या. पहिल्या दिवशी नात लांबून बघत राहिली, दुसऱ्या दिवशी येऊन एक काडी उचलली, काकूंकडे बघितलं, काकू मान खाली घालून पानं खुडतच राहिल्या (त्यांनी मला सांगितलं की आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही), मग पोरीने ती काडी तोंडात घातली आणि सून धावत येऊन तिने ती काढून घेतली, पण काही बोलली नाही. ते न बोलणं काकूंना फार लागलं, चांगल्या अर्थाने. कारण तोवर दोघींचं बरंच वाजून झालं होतं.

वाजलं होतं कशावरून, तर नेहमीच्याच गोष्टी. काकूंनी जुन्या साड्यांची गोधडी शिवून नेली होती ती सुनेने पहिल्याच रात्री पाळण्यातून काढली. गुटीची सहाण बॅगेतच राहिली, काजळाला नाही, मधाच्या बोटाला नाही. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का?" वाढवलीत की. पण इथे मी सरळ सुनेची बाजू घेतली, कारण वर्षाच्या आत मध देऊ नये हे आपले नाशिकचे डॉक्टर पण सांगतात, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. काजळात शिसं सापडलेलं आहे. पाळण्यात पहिलं वर्ष पांघरूण, उशी काही ठेवत नाहीत, श्वास कोंडू नये म्हणून. यात सुनेचा हट्ट कुठेच नाही. तेल लावून पायावर अंघोळ घालायची का नाही, हा मात्र निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न, आणि तिथे पण माझं मत, आईचा शब्द शेवटचा.

एक सेशन मी सुनेबरोबर पण घेतलं. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही, पण एक गोष्ट काकूंना माहीतच नव्हती. आपल्याकडे कायद्याने पहिल्या दोन मुलांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, 2017 पासून. तिकडे देशभर लागू असा पगारी रजेचा कायदाच नाही, 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, ती पण सगळ्यांना नाही. ही पोरगी बाळ तीन महिन्यांचं असताना कामावर गेलेली, रात्री उठून दूध काढून ठेवणारी. घरात प्रत्येक नियम धरून बसते कारण तेवढंच तिच्या हातात आहे. काकू बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी विचारलं, "मग मी तिला डबा देऊ का करून?" मी म्हटलं, तिलाच विचारा. सून हो म्हणाली, फक्त तिखट कमी. गोधडी दुसऱ्या दिवसापासून कार्पेटवर अंथरली जायला लागली, नात त्यावर खेळते, सगळे जागे असताना.

आणि मुलगा? तो लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसलेला. काकू तक्रार त्याच्याकडे करायच्या, तो सुनेला निरोप द्यायचा, निम्म्या भांडणांचं मूळ तिथे. त्याला मी एवढंच सांगितलं की बाबा रे, तू पोस्टमन होऊ नकोस, बाळाच्या नियमांचं जे काही सांगायचं ते आईला तू तुझ्या तोंडाने सांग, बायकोच्या नावावर खपवू नकोस.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. विमानतळावरचा ऑफिसर साधारण सहा महिने राहायला देतो म्हणून सहा महिने राहिलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तिकीट महाग पडतं म्हणून लोक राहतात आणि चौथ्या महिन्यात घरात कुणीच कुणाशी बोलत नाही. जायच्या आधी फोनवर स्पष्ट विचारा, दिवसभर बाळ आमच्याकडे असणार का, सुट्टी कधी, आम्ही बाहेर कसे पडणार, कारण बऱ्याच ठिकाणी गाडीशिवाय पान हलत नाही. डांग्या खोकल्याची लस आणि फ्लूची लस बाळाला भेटायच्या किमान दोन आठवडे आधी घेऊन टाका. मेडिकल इन्शुरन्स काढताना आधीपासूनचं बीपी-शुगर त्यात धरतात का ते नीट वाचा.

काकू-काकांचं तिकीट सहा महिन्यांनंतरचं होतं, पण सगळ्यांनी बसून साडेतीन महिन्यांवर आणलं. तारीख बदलायला जे पैसे गेले त्यावरून काका अजून कुरकुरतात.