कोर्टात सांकेतिक भाषेचं दुभाषीपण करायला वेगळं सर्टिफिकेट लागतं का?

भारतीय सांकेतिक भाषेचा दोन वर्षांचा दुभाषी डिप्लोमा संपत आलाय, कोर्टाच्या कामासाठी आणखी परीक्षा द्यावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. खास 'कोर्टाचा दुभाषी' असं सर्टिफिकेट आपल्याकडे नाहीच. भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेचा डिप्लोमा हाच तुमचा कागद. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. त्या केसेससाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते, तिथे आधी नाव घाला.

बाकी साक्षीदारांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२५, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं ११९. बोलून सांगता येत नसेल तर कोर्टाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि जबाबाचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. दुभाषी किती शिकलेला हवा, यावर कलमात एक अक्षर नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध दर्शनसिंग खटल्यात एवढं सांगितलं, की तो साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्यालाही शपथ द्यावी. त्यामुळे भावाला किंवा मामाला दुभाषी म्हणून उभं केलं, की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

खरी परीक्षा मात्र आत गेल्यावर. 'त्याने तुला मारलं का?' हा प्रश्न कानाला सोपा आहे. पण खुणेत नुसतं मारणं दाखवता येत नाही. थप्पड, बुक्की, काठी, प्रत्येकाची खूण वेगळी. मी काठीची खूण केली, तर काठी मीच पुराव्यात आणली. अशा वेळी हात खाली घ्यायचे आणि न्यायाधीशांना सांगायचं, की प्रश्न आणखी नेमका करून द्या. वकील वैतागतात. वैतागू देत.

दुसरं म्हणजे मान. प्रश्न चालू असताना कर्णबधिर माणूस बऱ्याचदा मान हलवत राहतो, म्हणजे 'कळतंय, पुढे'. माझ्या पहिल्याच उलटतपासणीत स्टेनोने त्याचं 'होय' टाइप केलं. 'साहेब, उत्तर अजून आलेलं नाही,' हे सांगायला मी दोन प्रश्न उशीर केला, आणि मग ते वाक्य दुरुस्त करून घेण्यात अर्धा तास गेला. त्याआधी मी कोर्टात एकदाही नुसता बसलो नव्हतो. तुम्ही डिप्लोमा संपायच्या आत चार-पाच दिवस जाऊन मागच्या बाकावर बसा. खुल्या कोर्टात कोणी अडवत नाही.