आकाशाशी गप्पा : बिजागरी, बोल्ट आणि देवयानी

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणि जुना डीएसएलआर कॅमेरा आहे. शनीची कडी, चंद्रावरची विवरं छान दिसतात. पण देवयानी दीर्घिकेचा (अँड्रोमेडा गॅलक्सीचा) फोटो घ्यायला गेलो की ताऱ्यांच्या रेघा येतात आणि मध्ये एक राखाडी डाग. आता ८ इंची दुर्बीण घ्यावी का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : नका घेऊ. या कामासाठी तरी नकाच घेऊ.

तुमची दुर्बीण उत्तम आहे, पण ती डोळा लावून बघायची दुर्बीण आहे. तिचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) साधारण १२०० मिलिमीटर. पृथ्वी फिरते, आकाश सरकतं, आणि एवढ्या मोठ्या नाभीय अंतराला तारा एका सेकंदात तुमच्या कॅमेऱ्याचे पंधरा-वीस पिक्सेल ओलांडून जातो. डॉबची, म्हणजे तुमच्या डॉब्सोनियनची, हाताने फिरवायची बैठक त्याच्या मागे जात नाही, म्हणून रेघा. त्यातून देवयानी आकाशात जवळजवळ ३ अंश लांब पसरली आहे, पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढी. दुर्बिणीला कॅमेरा लावला की जेमतेम १ अंश मावतो. तुम्ही ज्याला राखाडी डाग म्हणता तो तिचा गाभा आहे. तो तुम्हाला मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आहे तो.

दीर्घिकेच्या फोटोत दुर्बिणीच्या आरशाच्या आकाराआधी (६ इंची, ८ इंची म्हणतात तो हाच) दोन गोष्टी लागतात: आकाशाबरोबर फिरणारी बैठक आणि पुष्कळ वेळ. तेव्हा कॅमेरा दुर्बिणीवरून काढा आणि त्याला १३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावा. जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स वापरलेल्या मालात स्वस्तात मिळतात. आता बैठक. ती मी आमच्या सुताराकडून करून घेतली होती, तुम्हीही घ्या.

फूटभर लांबीच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडायच्या. खालची फळी ट्रायपॉडवर पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीच्या मध्यापासून बरोबर २२८.५ मिलिमीटरवर खालच्या फळीत ६ मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा. साध्या ६ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे १ मिलिमीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी नेमक्या आकाशाच्या वेगाने उघडते. हे मोजमाप सुताराच्या अंदाजावर सोडू नका, समोर उभं राहून पट्टी लावा. बोल्टच्या डोक्यावर एक चकती बसवून तिचे चार भाग करा आणि दर १५ सेकंदांनी एक भाग फिरवा. बिजागरीला समांतर शहाळ्याची स्ट्रॉ चिकटवा आणि तिच्यातून ध्रुवतारा दिसेल अशी बैठक ठेवा. संगमनेरहून तो क्षितिजाच्या वर साडेएकोणीस अंशांवर असतो. दहा-बारा मिनिटांनी बोल्ट मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची, कारण सरळ बोल्टमुळे वेग हळूहळू चुकत जातो.

माझी पहिली देवयानी याच फळ्यांवर मिळाली, ओतूरला, माहेरच्या गच्चीवर. उसाच्या कडेला मोकळ्या रानात आकाश जास्त काळं असतं हे खरं, पण जुन्नर तालुक्यात रात्री एकट्याने तिथे उभं राहू नये, बिबट्याचा वावर आहे. गच्ची बरी. शेजारच्या शेवंतीच्या शेतात फुलणं लांबवायला दिवे लावलेले असायचे. ते कधी बंद होतात हे त्या काकांनाच विचारलं, आणि त्या वेळेनुसार कामाला लागले. पहिल्या रात्री ४० फोटो झाल्यावर लेन्सवर दव धरलं आणि सगळे वाया गेले. दुसऱ्या रात्री लेन्सला पुठ्ठ्याची लांब नळी चढवली. तेजस्वी ताऱ्यावर फोकस केला, रिंगला चिकटपट्टी लावली. शर्मिष्ठा या इंग्रजी W सारख्या तारकासमूहाच्या जास्त टोकदार कोनाच्या रोखाने खाली येत देवयानी शोधली. २० सेकंदांचा एक, असे १२० फोटो, सगळे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न करता जपलेल्या मूळ फाईलमध्ये. शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळेचे वीस काळे फोटो, कॅमेऱ्याचे तापलेले ठिपके वजा करायला.

घरी आल्यावर हे सगळे फोटो डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायचे. १०० फोटो एकत्र केले की उजेड शंभरपट होतो, पण कॅमेऱ्याचा खरखरीतपणा दहापटच वाढतो. म्हणजे चित्र दहापट स्वच्छ. त्या रात्रीचे १२० बसवून झाले तेव्हा पडदा जवळजवळ काळाच होता. मग सॉफ्टवेअरमधली उजळ-अंधुकाची वक्ररेषा मी थोडी वर उचलली, अजून थोडी, आणि गाभ्याच्या एका बाजूने धुळीचा काळा पट्टा वर आला. मी आईला झोपेतून उठवलं होतं.

या कामात हौशी माणसाला मान आहे. १८८८ साली देवयानीची सर्पिल वळणं काचेच्या प्लेटवर पहिल्यांदा टिपणारे आयझॅक रॉबर्ट्स हे बांधकामाचे ठेकेदार होते. आणि अगदी अलीकडे, २०२३ साली, देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या उजेडाची एक मोठी कमान असल्याचं जाहीर झालं. आकाशाचे एवढे मोठमोठे सर्व्हे झाले होते, तरी ती कुणाला दिसली नव्हती. ती फ्रान्स-जर्मनीतल्या हौशी लोकांना सापडली. दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची, तुमच्यापेक्षा लहान, आणि उजेड गोळा केला होता शंभराहून अधिक तास.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री आठ-साडेआठला देवयानी जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असते. अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा. सुताराला आजच सांगा.

प्रश्न : फोटोत दीर्घिका निळी-पिवळी असते. दुर्बिणीतून मला पांढरीच दिसली. मग फोटोतले रंग खरे असतात का?
— इयत्ता आठवीतली वाचक, चिपळूण

उत्तर : खरे असतात. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून तुला ती पांढरट दिसली. कॅमेरा मिनिटामिनिटाचा उजेड साठवतो, त्यामुळे त्याला रंग मिळतो. गाभ्याजवळ म्हातारे तारे जास्त, ते पिवळसर. बाहेरच्या वळणांत नुकतेच जन्मलेले तप्त तारे, ते निळे. फोटो करणारा माणूस कधी कधी रंग जास्त गडद करतो, तेवढी सूट धरून बघ. तारे मात्र तू नुसत्या डोळ्यांनीही ताडून पाहू शकतेस. हिवाळ्यात संध्याकाळी मृगातला काक्षी बघ, तो तांबूस आहे. मग त्याच मृगातला राजन्य बघ. तो निळसर पांढरा दिसेल.