पाटी बदलली, कलम तेच राहिलं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. सरकारी टेलिफोन खात्याच्या कारभाराचा इतिहास तुझ्या वयाच्या कुणाला लिहावासा वाटतो, याचा मनापासून आनंद झाला. माझी सगळी नोकरी त्या खात्यात गेली, त्यामुळे आनंद जरा जास्तच.

पण तू प्रकरणं खात्याच्या नावाच्या पाट्यांप्रमाणे पाडली आहेस. आधी पोस्ट अँड टेलिग्राफ, म्हणजे डाक-तार खातं (पी अँड टी), मग दूरसंचार विभाग, मग दिल्ली-मुंबईसाठीची सरकारी कंपनी एमटीएनएल, शेवटी बाकी देशासाठीची बीएसएनएल. यात पाटी बदलल्याचं कळतं, पण पाटीमागच्या खुर्चीत काय बदललं ते कळत नाही. परवाना देण्याचा अधिकार कुणाकडे होता आणि खर्चावर शेवटची सही कुणाची होती, हे धरून प्रकरणं पाड. आख्खा प्रबंध सरळ होईल.

सुरुवात १८८५ च्या भारतीय तार अधिनियमापासून कर. त्याचं चौथं कलम नीट वाच. तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार फक्त सरकारचा, सरकारला वाटलं तर दुसऱ्याला परवाना देता येईल, एवढाच त्याचा अर्थ. टेलिफोन त्याआधीच आला होता. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंजेस सुरू झाली, तीही खासगी कंपनीची. म्हणजे आपल्याकडे टेलिफोन जन्मला तो परवान्यावर, आणि मुंबईचा टेलिफोन सरकारनं विकत घेतला तो थेट १९४३ मध्ये. ‘आधी सगळं सरकारी होतं, मग खासगी आलं’ हे तुझ्या प्रस्तावनेतलं वाक्य म्हणूनच काढून टाक. मराठवाड्याचा धागाही सोडू नकोस. तो भाग निजामाच्या राज्यात होता आणि संस्थानांच्या यंत्रणा केंद्राकडे आल्या त्या स्वातंत्र्यानंतर.

आता पैशाचं. टपाल, तार आणि टेलिफोन एकाच खात्यात होते. टेलिफोनला शिल्लक पडायची, टपाल आणि तार तोट्यात चालायचे. ही शिल्लक खात्यानं आपल्या मर्जीनं नव्या केबलवर खर्चावी, अशी सोय नव्हती. वसुली सरकारी तिजोरीत जायची आणि एक्स्चेंज वाढवायचं तर योजनेत तरतूद हवी, संसदेची मंजुरी हवी. १९५९ मध्ये पी अँड टी बोर्ड नेमलं ते ही गाठ थोडी सैल करायला. पण देश घडवण्याच्या यादीत धरणं, पोलाद, शेती ही कामं वर होती. टेलिफोन ही चैनीची वस्तू मानली जायची, त्यामुळे तो मागे राहिला.

प्रतीक्षा यादी जन्मली ती इथे, आणि तिच्यावर तू अख्खं प्रकरण खर्च केलंस तरी मला चालेल. अर्ज केला की नोंदणी व्हायची, पण कुठल्या वर्गात, त्यावर पुढचं सगळं ठरायचं. भरभक्कम रक्कम आधीच भरणाऱ्यांसाठी ‘ओन युअर टेलिफोन’, म्हणजे ओवायटी. डॉक्टर, पत्रकार अशांसाठी स्पेशल. बाकी सगळे जनरल. वर खासदारांच्या शिफारशींचा कोटा. इतकं होऊन नंबर आला, तरी तुमच्या गल्लीतल्या डीपीत, म्हणजे घरोघरी तारा वाटणाऱ्या पेटीत, तारांची मोकळी जोडी आहे का ते बघायचं. असेल तर डिमांड नोट, म्हणजे पैसे भरायची सूचना, निघायची. ती घरी आली की लोक पेढे वाटत. टंचाई आली की कारभार वर्ग पाडतो आणि वर्ग पाडणाऱ्याच्या हाती सत्ता येते. हे तुला त्या नोंदवह्यांत रकान्या-रकान्यांत दिसेल. ‘सरकारी सुस्ती’ एवढा एकच शब्द लिहून तू पुढे गेलीस, त्याचं मला वाईट वाटलं. सुस्ती होती, नाकारत नाही. पण जोडीच शिल्लक नसेल तर कितीही तत्पर लाईनमन काय करणार?

जमलं तर जुनी फॉल्ट कार्डं, म्हणजे लाईनमधल्या दोषांच्या नोंदी, बघ. १९८ या तक्रारीच्या नंबरवर फोन आला की लाईन तपासायच्या टेस्ट डेस्कवर त्या टेलिफोनचं कार्ड निघायचं. एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारांच्या मुख्य चौकटीवर, कुठली जोडी, पुढे रस्त्याकडेचा कुठला पिलर, कुठला डीपी, मागचा दोष कधी आणि काय, सगळं पेन्सिलीनं. मी अशी कार्डं पाहिली आहेत, वर छापलेलं ‘डाक-तार विभाग’ खोडून त्यावर दूरसंचार विभागाचा रबरी शिक्का मारलेला. खाली पेन्सिलीतला मजकूर मात्र त्याच हाताचा.

तो शिक्का १९८५ चा. त्या जानेवारीत टपाल वेगळं झालं. पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९८६ ला, दिल्ली आणि मुंबई एमटीएनएलकडे गेली, परदेशी संपर्क व्हीएसएनएल या दुसऱ्या सरकारी कंपनीकडे. महामंडळ केल्यानं बाजारातून रोखे काढून पैसा उभा करता येऊ लागला, हे त्यातलं खरं इंगित. आपल्याकडे त्याची रेघ लोकलच्या मार्गावरच पडली. ठाण्याला एमटीएनएल, कल्याणला खातं. १९८९ मध्ये खात्यावर टेलिकॉम कमिशन हे मंडळ आलं आणि खर्चाचे अधिकार प्रथमच बऱ्यापैकी जवळ आले.

१९९४ च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं, पण परवाना देणारं, धोरण आखणारं आणि स्वतः धंदा करणारं खातं एकच. १९९७ मध्ये ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं. त्याचा अधिकार परवान्यापर्यंत पोचतो का, यावरून कोर्टकज्जे झाले आणि २००० मध्ये कायदा दुरुस्त करून तंट्यांसाठी टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण नेमलं. सेवा चालवणारा भाग ऑक्टोबर १९९९ मध्ये खात्यातून वेगळा काढला आणि वर्षभरात, १ ऑक्टोबर २००० ला, त्याचंच बीएसएनएल झालं. १९९५ चा ज्योती बसूंचा, देशातला पहिला, मोबाइल कॉल तू पहिल्या पानावर घेतलास. तो इथे आण, इथे त्याला अर्थ आहे.

आणि माणसं कुठे आहेत तुझ्या आराखड्यात? रात्री झोपताना केंद्र सरकारचे नोकर असलेले लाखो लोक सकाळी कंपनीचे झाले. पेन्शनचं काय, या एका प्रश्नावर संप झाले. त्यातून पेन्शन नियमांत ३७-अ आला आणि सामावून घेतलेल्यांचं निवृत्तिवेतन सरकारनं द्यायचं ठरलं. तो नियम मूळातून वाच, सारांशावर राहू नकोस. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलमधले ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं एकाच दिवशी बाहेर पडले. त्यातले बरेच जण पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात आहेत, बोलायला तयार आहेत, आणि वय कुणासाठी थांबत नाही. कागदपत्रं वर्षभरानंही मिळतील, म्हणून आधी यांना भेट. केबल जोडणाऱ्या जॉइंटरला विचार, परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर बसलेल्या ऑपरेटर बाईंना विचार. साहेब लोकांना शेवटी.

या सगळ्या पाट्यांच्या खाली १८८५ चाच कायदा होता. तो बाजूला सारायला २०२३ चा दूरसंचार अधिनियम यावा लागला. तुझं शेवटचं प्रकरण २००० ला संपतं, ते तिथवर ने.

नवा आराखडा दिवाळीच्या आत पाठव. भेटायच्या लोकांची यादी मी वेगळ्या कागदावर करतो आहे.

कळावे.

तुझा,
काका