अठरा पूर्ण झाली, शाळा संपली, आता दिवसभर काय?

"मॅडम, शाळा होती तोवर सकाळी डबा भरायचा, रिक्षा यायची, दिवस निघून जायचा. आता अठरा पूर्ण झाली. हा दिवसभर काय करणार? आणि आमच्यानंतर याचं कोण करणार?"

माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप हे दोन प्रश्न एका दमात विचारतात. कुणाच्या मुलाला बौद्धिक अक्षमता असते, कुणाची मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) असते, कुणाला डाऊन सिंड्रोम असतो. निदान वेगळं, प्रश्न तेच. दुसरा प्रश्न इतका मोठा असतो की त्याच्या ओझ्याखाली पहिला दबून जातो, आणि मुलगा घरात टीव्हीसमोर बसून राहतो. माझा अनुभव असा की पहिल्या प्रश्नावर नेटाने काम केलं तर दुसऱ्याचं उत्तरही त्यातूनच घडत जातं. सौरभच्या बाबतीत ते कसं झालं ते सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सौरभ नाशिकचा. स्वमग्नता आणि सोबत सौम्य बौद्धिक अक्षमता. बोलतो मोजकं, आणि त्यातलंही बरंचसं तारखांबद्दल. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, त्याने दहावीचे विषय एकेक करून सोडवले होते. तिथे पाच वर्षांच्या मुदतीत हवे तसे विषय देता येतात, हे अशा मुलांसाठी फार मोलाचं आहे. शाळेच्या व्यवसाय वर्गात त्याला कागदी पिशव्या, पणत्या आणि आकाशकंदील शिकवले होते. त्याला ते अजिबात आवडायचं नाही. हाताला खळ लागली की तो उठून हात धुवायला जायचा, परत यायचा, परत जायचा. शेरा पडला होता, "कामात लक्ष नाही".

पणत्या रंगवण्याला माझा विरोध नाही. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर कराव्यात. पण महाराष्ट्रभर हजारो मुलांची आवड नेमकी पणत्या आणि राख्याच कशी असेल? शिकवणाऱ्यांना जे येतं आणि दिवाळीच्या प्रदर्शनात जे खपतं तेच शिकवलं जातं. म्हणून मी प्रशिक्षणाच्या यादीपासून सुरुवात करत नाही. मुलगा रिकामा असताना आपणहून काय करतो, ते आधी घरच्यांकडून लिहून आणायला सांगते.

सौरभच्या आईने आणलेल्या कागदात एक ओळ होती : "आजीच्या गोळ्यांचा डबा सारखा उपसतो, ओरडावं लागतं." तो डबा उपसून काय करतो, असं विचारलं. तर प्रत्येक पट्टीवरची एक्स्पायरी वाचायचा, महिन्यांप्रमाणे ओळीने मांडायचा आणि मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढून आईच्या हातात द्यायचा. आजवर एकही चुकली नव्हती. घरात ज्याला खोड म्हणत होते ते काम होतं.

नाशिककरांना सांगायला नको, गोळे कॉलनी म्हणजे औषधांचा घाऊक बाजार. तिथल्या प्रत्येक होलसेलरकडे दुकानांतून परत आलेला एक्स्पायरी माल साठत असतो. तो विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवायचा, कंपनीप्रमाणे लावायचा, यादी करून कंपनीकडे पाठवायचा. कंटाळवाणं काम, त्यामुळे कुणी मनापासून करत नाही. सौरभच्या वडिलांच्या ओळखीचे एक होलसेलर तयार झाले. मी मुद्दाम विक्रीच्या मालाऐवजी परतीच्या मालावरच काम मागितलं, म्हणजे चूक झालीच तरी ती कुठल्या रुग्णापर्यंत पोचणार नव्हती. मालकांचीही भीड त्यामुळे चेपली.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पद्धत अशी की आधी वर्षानुवर्षं तयारी करून घ्यायची आणि मुलगा "तयार" झाला की कामावर लावायचं. विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं अवघड जातं. वर्गातल्या प्लास्टिकच्या नाण्यांवर हिशेब येतो, टपरीवर येत नाही. म्हणून जिथे काम करायचं तिथेच शिकवायचं, आणि सोबत तिथलंच एक माणूस द्यायचं. या माणसाला मी मार्गदर्शक मित्र म्हणते. तो शिक्षक नको आणि नातेवाईक तर नकोच. नातेवाईक पटकन हात पुढे करून काम उरकून टाकतात.

सौरभला मिळाले तात्या, गोडाऊनमधले जुने कामगार. सुरुवातीचे काही दिवस मी त्यांच्याबरोबर बसले. तात्यांची बोलण्याची पद्धत सगळ्यांसारखीच : "जरा ते आवर", "हे नंतर कर", "थोडं इकडे ठेव". "नंतर" म्हटलं की सौरभ दर पाच मिनिटांनी विचारायचा, आता का? तात्यांनी "नंतर" टाकून "चहा झाल्यावर" म्हणायला सुरुवात केली. "थोड्या पट्ट्या" ऐवजी "दहा पट्ट्या". एका वेळी एकच सूचना, आणि तोंडाने सांगण्याआधी हाताने करून दाखवायचं. टेबलाजवळ दिवसाच्या कामांची चित्रांची पट्टी लावली, काम झालं की सौरभ त्यावर खूण करायचा. तात्यांना मी आणखी एकच विनंती केली, त्याला "बाळ" म्हणू नका. ते "सौरभराव" म्हणायला लागले. सौरभची आई हे ऐकून माझ्यासमोर रडली होती.

आवाजाचा त्रास वेगळाच निघाला. खोकी बंद करताना तपकिरी चिकटपट्टी ओढली की कर्रकन आवाज होतो, तो त्याला सहन होत नव्हता. टेबल पॅकिंगपासून लांब, मागच्या खिडकीशी नेलं. एवढंच लागलं.

प्रवासाला मात्र कामापेक्षा जास्त मेहनत पडली. घर इंदिरानगरला, सिटीलिंकच्या शहर बसने सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरायचं आणि पुढे चालत. आई आधी शेजारी बसली, मग मागच्या सीटवर, मग वडील स्कूटरवरून बसच्या मागे. हे सगळे करतात. त्यापुढचं सहसा कुणी करत नाही, ते म्हणजे चुकण्याचा सराव. आम्ही त्याला मुद्दाम एक स्टॉप आधी उतरवलं. मिरवणुकीमुळे बसचा रस्ता बदलला तर काय, याचीही तालीम केली : घाबरायचं नाही, जागचं हलायचं नाही, खिशातलं कार्ड कंडक्टरला किंवा दुकानदाराला दाखवायचं. कार्डावर त्याचं नाव, "मला बोलायला वेळ लागतो" असं वाक्य आणि दोन फोन नंबर. आईचा विरोध होता. "चुकायला कशाला शिकवता?" मी म्हटलं, तो कधीतरी चुकणारच आहे, पहिल्यांदा चुकेल तेव्हा आपण जवळ असलेलं बरं.

मार्चअखेरीस गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला घेतला आणि कुणीतरी त्याचं टेबल हलवलं. सकाळी येऊन त्याने ते पाहिलं, मोठ्याने ओरडला, पट्ट्या फेकल्या. मालकांनी वडिलांना फोन केला, "आता राहू द्या." घरचेही तयार झाले, कारण इतकी वर्षं असंच झालं होतं : काही बिघडलं की घरी आणायचं. तात्या मालकांशी बोलले, "साहेब, आपणच न सांगता त्याची जागा हलवली." मी सौरभला, त्याला कळेल अशा चित्रांतून विचारलं, घरी राहायचं की कामावर जायचं. तो म्हणाला, "सोमवारी जाणार." तेव्हापासून नियम ठरला, काही बदलायचं असेल तर आदल्या दिवशी सौरभला दाखवायचं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आईवडिलांच्या पश्चात मुलाला खरा धोका असतो तो त्याला ओळखणारं कुणी नसण्याचा. आज गोडाऊनमधल्या माणसांना, चहावाल्याला आणि त्या वेळच्या कंडक्टरला सौरभ माहीत आहे. एकाने त्याच्याकडून दोनदा पैसे उसने घेतले आणि परत दिले नाहीत, ते तात्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनीच वसूल केले. त्यानंतर "नाही, देणार नाही" म्हणण्याचा सराव आम्ही करून घेतला. मुलींच्या बाबतीत फसवणुकीची आणि शोषणाची भीती आणखी मोठी असते; त्यासाठी शरीराची ओळख, खासगी जागा आणि नकार हे सगळं वयात येतानाच शिकवायला हवं, कामावर लावताना नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अठराच्या आधीच काढून ठेवा. अठरा पूर्ण झाली की मुलगा कायद्याने सज्ञान असतो आणि आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेतच पहिल्यांदा कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाची निरामय ही 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. पण अर्ज मिळतो म्हणून लगेच पालकत्व घेऊ नका. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाची, म्हणजे व्यक्तीशी सल्लामसलत करून मिळून निर्णय घेण्याची, तरतूद करतो. आधी बघा, आपलं मूल कोणते निर्णय स्वतः घेऊ शकतं. त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. त्याची माहिती ठेवा, पण त्याची वाट बघत मुलाची तीन-चार वर्षं घरात घालवू नका.

आणि मोबदला. "त्याचा वेळ जातो हेच खूप" असं आईवडील म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. काम केलं तर पैसे मिळायला हवेत, आणि ते त्याच्या नावावरच्या खात्यात. सौरभच्या बाबतीत पहिल्या महिन्यापासून मी हे ठरवून घेतलं.

तो सध्या अर्धा दिवस काम करतो. घरी एक वाद चालू आहे : तात्या चहाचे पैसे मोबाईलवर स्कॅन करून देतात, म्हणून सौरभलाही तसंच हवंय. आईला धास्ती वाटते. थोडीच शिल्लक राहील असं वेगळं खातं काढावं, मोबाईलवरून देण्याची रोजची मर्यादा कमी ठेवावी आणि संदेश वडिलांच्या फोनवरही जावेत, असं मी सुचवलं आहे. पुढच्या बैठकीला आईवडिलांबरोबर सौरभही बसणार आहे, आणि रोज किती रुपये ते आधी त्याने सांगायचं असं ठरलंय.