वांग्याची पानं कोण खातंय?

प्रश्न: गच्चीतल्या वांग्याच्या पानांची चाळण झाली आहे. त्यावर ठिपक्यांचे लालसर भुंगेरे दिसतात. अमेरिकेत पसरलेली आक्रमक लेडीबर्ड मुंबईत आली का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही, हा आपल्याकडचाच एपिलॅक्ना, म्हणजे पानं खाणारा भुंगेरा. ती आक्रमक लेडीबर्ड म्हणजे हार्मोनिया; मूळची पूर्व आशियातली, १९८८मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात स्थिरावलेली आढळली. तिच्या पांढुरक्या मानेवर इंग्रजी एमसारखी काळी खूण असते आणि ती मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) खाते, वांग्याची पानं नव्हे.

एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून चमक नाही. ठिपके बहुधा २८. तो हिरवा गर खरवडतो, शिरांची जाळी उरते. अळी पिवळी, फांद्या फुटल्यासारख्या काट्यांची. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) पाठ तुळतुळीत, बऱ्याचदा काळ्या नागमोडी रेघांची. अळी काळपट, लांबट, चपळ. तिला कृपा करून मारू नका!

सकाळी पानं उलटून एपिलॅक्नाचे भुंगेरे, अळ्या साबणपाण्यात टाका. पिवळ्या अंड्यांचे पुंजके खुडा; मात्र त्याच पानावर मावा असेल तर राहू द्या, ती ढालकिड्याची असू शकतात. अंडी ३-४ दिवसांत फुटतात, त्यामुळे एक दिवसाआड बघा. तरीही आवरलं नाही तर लिटरभर पाण्याला ५ मिली नीमतेल, संध्याकाळी, पानांच्या खालून. तेल आधी थोड्या द्रवसाबणात घोटा, नाहीतर ते वर तरंगतं आणि पानं करपतात.